टेबल कधी सोडायचा
आज झडीनं वावरात जाताच नाही आलं, तं मी आन आत्याचा पोरगा दुपारभर ओसरीत पत्ते घेऊन बसलो, सहा कॅट म्हणजे 312 पत्ते. तो गोव्याले मांडवी नदीतल्या कॅसिनोत ब्लॅकजॅक (21 च्या जवळ जायचा पत्त्यांचा जुगार) खेळून आला, पत्ते मोजून. 2 ते 6 निघाला की अधिक एक, 7-8-9 ले शून्य, दस्सी, चित्र आन एक्क्याले उणे एक, मंग आलेला आकडा उरलेल्या कॅटनं भागायचा. हे मले लवकर जमलं, पण टेबल बदलणं लय अवघड आहे भाऊ! आकडा उण्यात गेला, म्हणजे आपल्या फायद्याचे मोठे पत्ते कमी उरले, की उठायचं, पण ताडकन नाही, पिसाई होईस्तोर थांबायचं नाहीतं फोन आल्यासारखं करायचं. दुसऱ्या टेबलावर नवीन पिसाईपासूनच मोजायचं, कारण मधातून बसलं तं न पाहिलेले पत्ते शिल्लकच धरा लागते. आन डावावरचे पैसे एकदम दहापट केले की वरून कॅमेऱ्यातून पाहणाऱ्याले समजते. मनात मोजणं काही चोरी नाही, तरी कॅसिनोवाले उठवून देतात याचं मले खरंच वाईट वाटते, डोक्यानं खेळणाऱ्यालेच काऊन उठवाव? मोजताना माहे ओठ हलून राहिले होते, तो म्हणे, "दादा, ओठ बंद ठेव, तिथं पह्यले हेच पाहतात." दिवे लागणीले एक कॅट ओठ न हलवता मोजला, शेवटचा पत्ता चौकटची तिर्री, आन आकडा बरोबर शून्य!