डावीकडे वळणारा नंदी

तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरांनी लाकडी नंदी मिरवायचा सण, आठवड्यावर आला की आम्हा चौथीच्या पोरांचं पाढ्यांत लक्ष लागत नसे. त्या वर्षी बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "नंदी घरून आणा, पण त्याची गाडी इथे करायची. आधी कागदावर काढा, मापं लिहा, मगच कात्री."

मी जुन्या रबरी चपलेची चार चाकं कापली. उजवीकडची एका डबीचं झाकण ठेवून, डावीकडची दुसऱ्या डबीचं. डोळ्यांना दोन्ही सारखीच. सायकलचा स्पोक स्ट्रॉच्या तुकड्यातून ओवला, दोन्ही टोकांना चाकं घट्ट खोचली, वर पुठ्ठा. शहाबादी फरशीवर गाडी ढकलली तर ती डावीकडे वळत जाऊन भिंतीला धडकली. परत ढकलली, परत भिंत. मला रडूच फुटलं.

"एका फेरीत कोणतं चाक किती चालतं, ते मोज बरं," एवढंच बाई म्हणाल्या.

चाकावर खडूची खूण केली. उजवं चाललं 22 सेंटिमीटर, डावं 20. दोन्ही एकाच आसाला घट्ट, म्हणजे फेऱ्या सारख्याच. दर फेरीला डावं दोन सेंटिमीटर मागे पडत होतं आणि गाडी त्याच्याकडे ओढली जात होती. मधल्या सुट्टीत डबा न उघडता फरशीवर बसून मला हे उमगलं. मूल चुकलं की उत्तर सांगून टाकायची आपल्याला केवढी घाई असते! बाईंना ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी अख्ख्या वर्गाने बांगड्या, झाकणं, ताटल्या दोऱ्याने मोजल्या. घेर दर वेळी व्यासाच्या तिपटीहून जरासा जास्त. पुढे हायस्कूलला फळ्यावर 22/7 आलं, मुलांनी ते पाठ केलं. मी मात्र ओळखलं: सात सेंटिमीटर व्यासाचं, 22 सेंटिमीटर चालणारं, ते माझं उजवं चाक होतं.

आज नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीत लेथवर काम करतो. नव्या पोराचा जॉब, म्हणजे यंत्रावर घडवायचा तुकडा, बिघडला की त्याच्या हाती मापं घ्यायचा व्हर्नियर देतो आणि बाजूला उभा राहतो.

त्या वर्षी तान्ह्या पोळ्याला सकाळी मारबतीच्या पुतळ्याची मिरवणूक पाहिली आणि संध्याकाळी नंदी घेऊन गल्लीत निघालो. नवी चाकं एकाच झाकणाची होती. बाईंच्या दाराशी पोचलो. नंदी घेऊन येणाऱ्या पोरांना द्यायचा बोजारा त्यांच्या हातात तयार होता, पण आधी त्या खाली वाकल्या आणि डावं चाक बोटाने फिरवून पाहिलं.