स्क्रॅपबुकची पानं रंगवताना: मीठ, मेण आणि मराठवाड्याचं ऊन

स्क्रॅपबुकला मी २५० ते ३०० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं माप) जाड कागद घेते. साध्या ड्रॉइंग शीटवर पाणी पडलं की लाटा येतात आणि फोटो सपाट बसत नाही. फोटोची जागा आधी पेन्सिलीने हलकी आखायची. चिकटवायचं काम सगळ्यात शेवटी.

मिठाची नक्षी दिसायला सगळ्यात सुंदर, पण सगळ्यात लहरीसुद्धा. वॉटरकलरचा पातळ हात द्यायचा आणि पानावरची चकाकी जाण्याच्या बेतात असताना जाडं मीठ भुरभुरायचं. खडा भोवतालचं रंगीत पाणी ओढून घेतो, तिथे फिकट चांदण्या उमटतात. फार ओलं असेल तर मीठच विरघळतं, सुकत आलं असेल तर काहीच उमटत नाही. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये नेमकं हेच होतं: मीठ हातात घेईपर्यंत रंग वाळलेला. म्हणून मी कागद मागूनही ओला करते, पंखा-कूलर बंद ठेवते आणि एका वेळी तळहाताएवढाच भाग रंगवते. पोस्टर कलर इथे चालत नाही. तो दाट असल्यामुळे हलत नाही. पान पूर्ण वाळल्यावर मीठ झाडून टाकायचं. राहिलेले कण पावसाळ्यात ओल धरतात आणि शेजारचा फोटो खराब करतात.

मेणबत्तीचं काम मात्र हमखास. पांढऱ्या मेणबत्तीने दाबून रेघा ओढायच्या आणि वरून पातळ रंग फिरवायचा. मेणावर रंग बसत नाही, त्यामुळे रेघा पांढऱ्या उरतात. रंग देण्याआधी त्या दिसत नाहीत, म्हणून कागद उजेडाला तिरपा धरून तपासायचा. फोटोच्या जागेवर मेण नको, त्यावर डिंक धरत नाही.

पानाच्या काठासाठी पैठणीच्या नारळी काठाची नक्षी जुन्या एक्स-रे फिल्मवर कापून तिचं स्टेन्सिल करता येतं. बांगडी-मोर (बांगडीसारख्या गोलात मोर) अवघड: वर्तुळ अखंड कापलं तर मधला मोर निसटून पडतो, त्यामुळे दोन-तीन ठिकाणी बारीक पट्ट्या जोडून ठेवाव्या लागतात. पोस्टर कलर स्पंजने टिपायचा, तोही आधी वर्तमानपत्रावर झटकून. ओल्या स्पंजाचा रंग फिल्मखाली शिरतो आणि कडा फुटतात.

टूथब्रशच्या शिंतोड्यांना रंग दुधाइतका पातळ हवा. फोटोची जागा मात्र कागदाने झाकून ठेवायची.

वाळलेलं पान उलटं करून रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबते. उन्हात मुळीच वाळवत नाही, कडा वर वळतात.