सात एकरांची फी

परवा रात्री साडेनऊला काकाजींचा फोन आला. डवरे-निंदण चालू असलेल्या दिवसात आमच्या इकडचा माणूस साडेनऊला जागा असला म्हणजे एक तर दवाखाना, नाही तर ॲडमिशन. ॲडमिशनच होती.

"बाप्पू, पोरीले पुण्याची प्रायव्हेट युनिव्हर्सिटी भेटून राहिली. तू बी तसल्याच ठिकाणी शिकला ना. काय करा म्हणतं मंग?"

मी पटकन काही बोललोच नाही. खरं सांगायचं तर हा प्रश्न मी दहा वर्षांपासून स्वतःलाच विचारतोय आणि दर वेळी उत्तर वेगळं निघतं. म्हणून इथं लिहून काढतो. काकाजी काही वाचणार नाहीत, पण त्यांची पोरगी, म्हणजे माझी बहीण, वाचेल.

तिला सीईटीला ८६ पर्सेंटाइल आहे. वाईट नाही, पण कॉम्प्युटरसाठी धाकधूक लावणारा आकडा. तालुक्याला एका मंगल कार्यालयात करिअर मेळावा झाला, तिथं हिनं फॉर्मवर नंबर लिहून दिला आणि तेव्हापासून रोज एक गोड आवाजाची मॅडम फोन करते. फी वर्षाची पावणेचार लाख, होस्टेल-मेस दीड लाख, "मॅडमनं पंचवीस टक्के स्कॉलरशिप बी देल्ली" असं काकाजी म्हणाले. मी बहिणीला पत्र व्हॉट्सॲप करायला लावलं तर खाली बारीक अक्षरात लिहिलेलं की स्कॉलरशिप पहिल्या वर्षापुरती.

आता काकाजींच्या भाषेत हिशोब करू, म्हणजे क्विंटलमधे. स्कॉलरशिप बाजूला ठेवली तर वर्षाचे सव्वापाच लाख. लांब धाग्याच्या कापसाचा २०२५-२६ च्या हंगामाचा हमीभाव ८११० रुपये. म्हणजे एका वर्षाला साधारण ६५ क्विंटल कापूस. काकाजींचं वावर सात एकर, कोरडवाहू, बोअर आहे पण फेब्रुवारीत हवा फेकते. सातही एकरात पराटीच (म्हणजे कापूसच) लावली, सोयाबीन-तूर काहीच नाही, आणि एकरी सहा क्विंटल धरलं तर ४२ क्विंटल होते. त्याचे ३ लाख ४० हजार. यातून बियाणं, खत, फवारणी, आणि किलोमागं दहा रुपये वेचाई काहीच काढलेलं नाही, आणि घरच्यांनी वर्षभर हवा खाल्ली असं धरलंय. तरी एका वर्षाची फी होत नाही. असे चार वर्षं.

हे ऐकवल्यावर काकाजी शांतपणे म्हणाले, "दोन एकर इकून टाकू ना. तुह्या बापानं नाही का इकलं."

इथं माझी बोलती बंद.

हो, विकलं होतं. २०१५ ला. आमच्या वर्षी जेईई मेन आणि बारावी निम्मं-निम्मं धरून मेरिट लागायचं, त्यात मला अमरावतीकडं मेकॅनिकल भेटत होतं आणि मला कॉम्प्युटर पाहिजे होतं. काऊन पाहिजे होतं ते आजही नीट सांगता येणार नाही, वर्गातले सगळे हुशार पोट्टे कॉम्प्युटर म्हणत होते एवढंच. यवतमाळचं शासकीय इंजिनीअरिंग कॉलेज तेव्हा नव्हतं, ते २०१६ ला सुरू झालं. मग पुण्याच्या एका खाजगी विद्यापीठात (नाव घेत नाही, तशी पाच-सात आहेत आणि फरक फारसा नाही) कॉम्प्युटरला गेलो. रस्त्याकडचं दोन एकर नऊ लाखात गेलं, बँकेनं चार लाख कर्ज दिलं कारण तेवढ्यापर्यंत तारण मागत नव्हते, उरलेलं आईच्या पोतीतून आणि मामाकडून. चार वर्षांत पंधरा लाखाच्या जवळपास गेले. फी दर वर्षी दहा टक्क्यांनी वाढायची, हे पहिल्या दिवशी कोणी सांगितलं नव्हतं आणि आम्हीही विचारलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षाची फी भरायची तेव्हाच २०१७ ची गुलाबी बोंडअळी आली. ज्यांनी तो हंगाम पाहिला त्यांना सांगायची गरज नाही, बोंड वरून हिरवं, फोडलं की आत अळी. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली. बाबा फवारायला स्वतः जायचे म्हणून आई रोज फोनवर रडायची आणि मी तिकडं एसी सेमिनार हॉलमधे "स्टार्टअप माइंडसेट" वर कोणाचं तरी लेक्चर ऐकत बसलेलो. हा मी त्या विद्यापीठाचा दोष म्हणत नाही. पण फीचा विचार करताना मला तो हॉल आठवतो.

प्लेसमेंट झाली. पॅकेज साडेतीन लाखाच्या आत, हातात २३ हजार. ट्रेनिंगला माझ्या बाजूला बसायचा तो दिग्रसचा, अमरावतीच्या शासकीय कॉलेजातला. डिपॉझिट वाचवायला आम्ही दोघांनी मिळून वाकडला रूम पाहिली तेव्हा पैशाच्या गोष्टी निघाल्या. तेच पद, तोच पगार, तोच बाँड. त्याचं चार वर्षाचं सगळं मिळून माझ्या एका वर्षाच्या फीएवढंही झालं नव्हतं. तो काही हिणवायला बोलला नाही, उलट "तुह्या तिकडं कॅन्टीन भारी असन ना बे" म्हणाला. कॅन्टीन भारीच होतं.

नंतर ईएमआय. चार लाखाचे शिकता शिकताच व्याजासकट सव्वापाच झाले होते, सात वर्षासाठी महिन्याला नऊ हजार. २३ मधून ९ गेले, रूम-मेस गेलं, घरी पाठवायला उरायचे ते पाठवतो म्हणायला लाज वाटायची एवढे. २०२० मधे हप्ते थांबवायची सवलत आली तर घेतली, आणि नंतर कळलं की हप्ता थांबतो, व्याज नाही थांबत.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर बहीण म्हणेल दादा फक्त रडतो.

मी दारव्ह्याहून गेलो तेव्हा चार लोकांसमोर इंग्रजीत नाव-गाव सांगायला तोंड कोरडं पडायचं. होस्टेलला रूममेट दिल्लीचा होता, त्याच्याशी भांडायचं असलं तरी हिंदी-इंग्रजीतच भांडावं लागायचं. दोन वर्षात भीड चेपली. आणि २०२२ ला याच रूममेटनं त्याच्या कंपनीत माझं रेफरल टाकलं, पगार डबलच्या वर गेला, आज जे काही बरं चाललंय ते तिथूनच. म्हणजे पंधरा लाखाचं काहीच वसूल नाही झालं असं म्हणणं खोटं होईल. पण ते वसूल झालं माणसाकडून. मुलाखतीत त्या डिग्रीवरचं नाव कोणी वाचलं असेल तर मला तरी दिसलं नाही, दुसऱ्या नोकरीपासून तर सरळ "आधीच्या प्रोजेक्टमधे काय केलं" एवढंच विचारतात. आणि असा रूममेट भेटेलच ही गॅरंटी ब्रोशरमधे नसते. त्याच मजल्यावरचे तीन जण अजून साडेचार-पाच लाखातच आहेत.

आणि ते दोन एकर. वर्धा-यवतमाळ-नांदेड रेल्वे आमच्या तालुक्यातून चाललीय, रस्त्याकडच्या वावराचे भाव कुठच्या कुठं गेले. बाबा त्या धुऱ्यावरून जाताना तिकडं पाहत नाहीत. मला कधी बोलले नाहीत, कधीच नाही, आणि तेच जास्त लागते.

काकाजींच्या डोक्यात अजून एक गोष्ट बसलीय, आणि ती गावात सगळ्यांच्याच डोक्यात आहे. युनिव्हर्सिटी म्हटलं की आपल्याला अमरावती विद्यापीठ आठवते, जिथं कॉलेजवाले फायली घेऊन हात जोडत जातात. म्हणून कॉलेजपेक्षा युनिव्हर्सिटी मोठी असं साधं गणित. खाजगी विद्यापीठ म्हणजे विधिमंडळाच्या कायद्यानं उभं झालेलं, पेपर स्वतः काढते, स्वतः तपासते, डिग्री स्वतःच्या नावानं देते. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठांवर देखरेख ठेवणाऱ्या केंद्रीय आयोगाच्या, यादीत असलं तर डिग्री खरी, त्यात काही लबाडी नाही. पण ते १९८३ ला निघालेल्या शेगावच्या किंवा बडनेऱ्याच्या कॉलेजपेक्षा वरचं आहे असं त्यानं सिद्ध होत नाही. उलट त्या कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते, खाजगी विद्यापीठ आपली फी आपणच ठरवते.

आणि मुख्य गोष्ट, जी त्या गोड आवाजाच्या मॅडमनं सांगितली नाही आणि सांगणारही नाही. बहीण ओबीसी आहे, मुलगी आहे, काकाजींचं उत्पन्न आठ लाखाच्या खूपच खाली आहे. जुलै २०२४ च्या जीआरनुसार अशा मुलीनं कॅप राउंडमधून (म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) इंजिनीअरिंग घेतलं तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ, खाजगी विनाअनुदानित कॉलेज असलं तरी. ईडब्ल्यूएस आणि एसईबीसी मुलींनाही तेच. पण खाजगी विद्यापीठ आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठ यातून वगळलेत, मॅनेजमेंट कोटा पण वगळलाय. म्हणजे तिच्यासाठी तुलना स्वस्त कॉलेज की महाग कॉलेज अशी नाहीच, एका बाजूला शिकवणीची फी शून्य आणि दुसऱ्या बाजूला पावणेचार लाख. मी हे सांगितलं तेव्हा काकाजी म्हणाले, "फुकट हाय म्हणजे कॉलेज बेकार असन." घ्या!

फुकटाला पण कागद लागतात. जातीचा दाखला, नॉन क्रीमी लेयर, उत्पन्नाचा दाखला, आणि जात वैधता म्हणजे व्हॅलिडिटी, जी अकरावीपासून करून ठेवा म्हणून मी ओरडत होतो. महाडीबीटीचा (सरकारी स्कॉलरशिप पोर्टलचा) फॉर्म दर वर्षी भरावा लागते. सेतूत चार चकरा होतील. चार चकरा म्हणजे पेट्रोल धरून पाचशे रुपये.

बहिणीचा प्रश्न वेगळा होता. "दादा, पण तिथं हायेस्ट पॅकेज ४४ लाख आहे." एसटी स्टँडसमोर फ्लेक्स लागलाय तोच आकडा. मी तिला म्हटलं, गावात एकाचा ट्रॅक्टर आहे म्हणून सगळं गाव ट्रॅक्टरवाला होते का? हायेस्ट एकाचं असते. ॲव्हरेज पण फसवते, कारण ते ४४ वालं पोरगं एकटाच वर ओढते. मीडियन पाहायचं, म्हणजे नोकरी लागलेले सगळे पगारानं रांगेत उभे केले तर बरोबर मधला जो आहे त्याचा पगार. एनआयआरएफच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या कॉलेज-रँकिंगच्या, साइटवर भाग घेतलेल्या संस्थांनी स्वतः दिलेली माहिती असते, किती पोरं घेतली, किती वेळेत पास झाली, किती लागली, मीडियन किती. फ्लेक्सवर "९५ टक्के प्लेसमेंट" असते तेव्हा ते कशाचे ९५ हे पण पाहायचं, कारण बऱ्याच ठिकाणी बॅकलॉग असलेले, साठ टक्क्याखालचे, हे आधीच गाळून उरलेल्यांचे टक्के काढतात. रात्री अकराला आम्ही दोघं फोनवर तो पीडीएफ उघडून बसलो. मधला पगार बघून ती म्हणाली, "एवढाच?" मी काहीच बोललो नाही.

मी कर्जाचं पण मांडून दाखवलं, कारण "नाही तं लोन घेऊ" हा आमच्याकडं शेवटचा डायलॉग असतोच. समजा दहा लाख घेतले, दर वर्षी अडीच, साडेदहा टक्क्यानं. शिक्षणाचे चार आणि वरचं एक वर्ष हप्ता नाही, पण व्याज चालूच, ते साधारण पावणेचार लाख होते. मग पावणेचौदा लाखावर दहा वर्षासाठी हप्ता साडेअठरा हजार. मीडियनवाल्या पोराच्या हातात पंचवीसेक हजार येतात. आणि साडेसात लाखाच्या वर बँक सहसा तारण मागते, तिथं वावर चालत नाही कारण शेतजमिनीला सरफेसी कायदा (बँकेला कोर्टात न जाता तारण जप्त करू देणारा) लागू नाही, वसुली कशी करणार. गावातल्या घराला नमुना आठ, म्हणजे ग्रामपंचायतीचा उतारा, तो पाहून मॅनेजर चहा पाजते आणि वापस पाठवते. केंद्राच्या पीएम विद्यालक्ष्मी कर्ज योजनेत विनातारण भेटते, पण ती ठरावीक संस्थांपुरती, आपली संस्था त्यात आहे का ते आधी पाहायचं, मॅडमला विचारायचं नाही. एवढं सगळं केल्यावर शेवटी उरते काय, दोन एकर नाही तर सावकार.

काही जणांनी जावंच, हे पण खरं. ज्यांच्या घरी फी पगारातून जाते, ज्याला एखाद्या खास विषयाचं वेड आहे आणि तो विषय इकडं शिकवतच नाहीत, ज्याच्या वडिलांचे पैसे बुडाले तरी घर चालते. माझा एक वर्गमित्र तसा होता, तिथली लॅब त्यानं पिळून काढली आणि आज बाहेर देशात पीएचडी करतोय. त्याच्यासाठी ते पैसे वायाच नाही गेले. माझ्यासाठी? सांगितलं ना, दर वेळी वेगळं उत्तर येते. ईएमआयच्या तारखेला एक आणि पगाराच्या तारखेला दुसरं.

तर हे सगळं झालं, काकाजी बराच वेळ हूं हूं करत होते, मला वाटलं पटलं. मग हळूच म्हणाले, "बाप्पू, ते टोकनचे पंचवीस हजार वापस भेटते का रे?"

भरून टाकले होते. सोमवारीच. निंदणाच्या मजुरीचे ठेवलेले पैसे. "मॅडम म्हने आज नाही भरले तं सीट जाते."

मग मी रात्रीच मेल लिहिला, बहिणीच्या नावानं. ॲडमिशन रद्द केली तर फी वापस देण्याबद्दल यूजीसीचं धोरण आहे, २०२४ ला ३० सप्टेंबरपर्यंत पूर्ण पैसे वापस असं त्यात स्पष्ट होतं, त्याचा उल्लेख टाकला, पावती जोडली. ओरिजिनल मार्कशीट दिली का विचारलं तर नशीब, झेरॉक्सच दिली होती. ओरिजिनल संस्थेला ठेवून घेता येत नाही, पण एकदा दिली की चकरा आपल्यालाच.

आज दुपारी उत्तर आलं, "युवर रिक्वेस्ट इज अंडर प्रोसेस." मॅडमचा फोन यायचा बंद झालाय.

बहिणीनं कॅपचा ऑप्शन फॉर्म भरला. पहिलं अमरावती शासकीय, दुसरं यवतमाळ शासकीय, तिसरं शेगाव. काकाजींनी एकच विचारलं, शेगाव पहिलं काऊन नाही टाकलं, म्हणजे पोरीला भेटायला गेलं की महाराजांचं दर्शन पण झालं असतं.