बाराव्या ठोक्यानंतर सम

सोलापुरात साउंड लावणाऱ्या माणसाकडं वर्षभर जी कामं येतात, त्यात आवाज कमी ठेवायला कुणी सांगत नाही. गड्ड्याच्या यात्रेतले कार्यक्रम, गणपती, लग्नातले ऑर्केस्ट्रा, मिरवणुका, सगळीकडं एकच मागणी: बेस वाढवा. त्यामुळं एप्रिलमध्ये दोन पोरं आली आणि म्हणाली, "दादा, शेजारी बसलेल्याचं बोलणं ऐकू यावं इतकाच आवाज पाहिजे," तेव्हा मी हातातलं काम ठेवलं आणि चहा सांगितला.

दोघंही अशोक चौकाच्या बाजूची, तेलुगू घरातली. एक बास गिटार वाजवतो आणि लॅपटॉप सांभाळतो, दुसरा इलेक्ट्रिक पियानो. दुसऱ्याच्या वडिलांचा टॉवेलचा कारखाना आहे. संगीत संथ, ताल यंत्रावरचा, पण पियानोचे सूर जॅझचे, गाणं सोल संगीताच्या अंगाचं, आणि मधेच रॉकसारखी खरखरीत गिटार. दोघांचं दैवत लंडनचं झिरो सेव्हन. ही जोडीही दोघांचीच: हेन्री बिन्स आणि सॅम हार्डेकर. दोघं मुळात रेकॉर्डिंग स्टुडिओतले साउंड इंजिनिअर. 2001 साली त्यांचा पहिला अल्बम आला, सिंपल थिंग्ज. त्यात सिया, मोझेस, सोफी बार्कर असे वेगवेगळे गायक आहेत.

हे दोघं मिक्सरच्या मागून आलेले आहेत, याचं मला फार अप्रूप आहे. फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाज कमी-जास्त करायची सरकती कळ, किती खाली ठेवायचा, गाणारीच्या आवाजाभोवती किती मोकळी जागा सोडायची, ड्रमचा नाद कुठं संपू द्यायचा, ही आमची कामं. त्यांच्याकडं तीच रचना होते. अशा संगीताला लोक 'हॉटेलात मागं लावायचं' म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. त्यात काहीच लपत नाही, वाजवणाऱ्याचंही नाही आणि साउंडवाल्याचंही नाही.

ते कार्यक्रमाच्या दिवशी दुपारीच कळलं. शहरातलंच एक नाट्यगृह, जुनं. साउंड चेक सुरू झाला आणि बासचा एक सूर डुलायला लागला. सगळे नाहीत, एकच. सेकंदाला एकदा फुगायचा आणि ओसरायचा. पोराला वाटलं तार गेली. त्यानं तार बदलली, तरी तेच. मी त्याला थांबायला सांगितलं, फेडर वर नेला आणि रिकाम्या सभागृहात कान लावला. स्पीकरमधून बारीक घुमणं येत होतं.

बासच्या सगळ्यात जाड तारेवर तिसऱ्या पडद्याला जी (G) हा सूर लागतो. त्याची कंपनं सेकंदाला 49. आपल्याकडच्या विजेची 50. दोन्ही एकदम वाजले की फरक एकाचा, म्हणून सेकंदाला एक हेलकावा. ऑर्केस्ट्रात हे घुमणं ढोलकीखाली कुठल्या कुठं गाडलं जातं. इथं त्या पोरांची अर्धी गाणी त्या जी सुरावरच उभी होती.

लॅपटॉपचा चार्जर स्टेजवरच्या बोर्डात आणि माझा मिक्सर सभागृहाच्या मागच्या बोर्डात होता. दोन बोर्डांच्या अर्थिंगमध्ये फरक पडला की सिग्नलच्या केबलवरची जाळी दोन्ही टोकं जोडते आणि तिच्यातून करंट फिरतो. तोच स्पीकरमधून घुमतो. आमच्यातले बरेच जण अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिनच काढून टाकतात. घुमणं जातं, पण स्टेजवरचा माणूस एका हातानं तार धरून, ओठ माइकला लावून उभा असतो, त्याला शॉक बसू शकतो. माझ्या स्टेजवर ती पिन कुणी काढत नाही. मी मिक्सरसाठी स्टेजच्या बोर्डातूनच लांब वायर ओढली आणि लॅपटॉप ट्रान्सफॉर्मर असलेल्या डीआय बॉक्समधून घेतला, म्हणजे सिग्नल जातो पण दोन अर्थिंग थेट जोडली जात नाहीत. तो जी सूर सरळ उभा राहिला तेव्हा बासवाल्यानं नुसतं माझ्याकडं बघितलं.

गाणारी मुलगी लहानपणापासून भजनात गाते. माइक नसला तरी शेवटच्या रांगेपर्यंत आवाज फेकायची सवय. तिला मी माइकपासून चार बोटांवर आणलं आणि कानात सांगितल्यासारखं गायला लावलं. जवळून गायलं की आवाजातला खालचा भाग आपोआप भरतो, तो थोडा कापावा लागतो. पण हळू गाण्यासाठी माइक उघडा ठेवावा लागतो आणि मग स्पीकरचा आवाज परत माइकमध्ये शिरून शिट्टी बसायची भीती. त्यासाठी स्टेजवरच्या मॉनिटरचा, म्हणजे कलाकारांना ऐकू यावं म्हणून लावलेल्या स्पीकरचा, आवाज खाली आणला आणि पियानोचा अँप्लिफायर तिच्यापासून फिरवून ठेवला. तिला ते अवघड गेलं. तिसऱ्या गाण्यापर्यंत मात्र तिचा श्वासही गाण्यात आला.

चारच्या सुमारास पियानोवाल्याचे वडील, अण्णा, पोरांचा डबा घेऊन आले. त्या वेळी मागाचं गाणं चालू होतं. पोरांनी त्यांच्याच कारखान्यात मागाचा आवाज रेकॉर्ड करून, वेग निम्म्यावर आणून त्याचा ताल केला होता. अण्णा दारात उभे राहिले, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "हा आपला माग न्हाई."

पोरगा वडिलांना म्हणाला, "आपलाच हाय, नाना."

"टावेलच्या मागाला दोन ठोके हलके असतेत, तिसरा घट्ट. ह्यो सगळे सारखेच मारायलाय."

अण्णांचं बरोबर होतं. टॉवेलवर ते मऊ लूप उठतात कसे? धोटा इकडून तिकडं जात दोनदा बाणा, म्हणजे आडवा धागा, टाकतो तेव्हा तो दाबणारी फणी कापडापर्यंत पूर्ण येत नाही, थोडी आधीच थांबते. तिसऱ्या धाग्याला ती तिघांनाही एकदम पुढं रेटते. तेव्हा सैल ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, फुगा वर येतो. म्हणजे टॉवेलचा माग तीनमध्ये चालतो. पोरांनी गाणं चार मात्रांचं म्हणून त्यातला एकच स्वच्छ ठोका उचलला होता आणि तोच पुन्हा पुन्हा चिकटवला होता.

मूळ रेकॉर्डिंग लॅपटॉपमध्ये होतंच. मी म्हटलं, ड्रम चारमध्येच राहू द्या, माग त्याच्या तीनमध्ये फिरू द्या. बाराव्या ठोक्यानंतर दोघं समेवर भेटतीलच. बासवाल्यानं हिशोब बोटांवर केला आणि कामाला लागला. डबा तसाच राहिला. प्रेक्षक आत यायला लागले तरी तो हेडफोन लावून विंगेत बसला होता.

एप्रिलची संध्याकाळ, सातलाही भिंती तापलेल्या. लोक बरेच आले होते: मित्र, नातेवाईक, कारखान्यातले कामगार घरच्यांसकट. मागाच्या गाण्याआधी मी पंखे बंद करायला सांगितलं. व्यवस्थापक तयार नव्हते, लोक उठून जातील म्हणाले. मी त्यांना हळूच विनवलं, एकाच गाण्यापुरतं. पंखे थांबले तेव्हा सभागृहाची खरी शांतता किती खोल आहे ते मलाही पहिल्यांदा कळलं.

माग सुरू झाला, दोन हलके, एक घट्ट. त्याच्या खालून ड्रमचे चार आले. पहिल्या फेरीत लोक गोंधळले, माना कुठं हलवायच्या कळेना. पियानोवाला मधल्या जागा सोडत वाजवत होता आणि मागाचा घट्ट ठोका दर वेळी त्याच्या सुरांच्या वेगळ्या ठिकाणी पडत होता. मग बारा भरले आणि दोन्ही ताल एका जागी आले. पुढच्या फेरीला मी प्रेक्षकांकडं बघितलं. कॉलेजची पोरं ड्रमवर मान हलवत होती. कामगारांच्या रांगेत बोटं गुडघ्यावर पडत होती ती मात्र तिसऱ्या ठोक्यावर. एकही उठला नाही.

शेवटी गिटारचा खरखरीत भाग आला. मी फेडर फक्त 3 डेसिबलनं वर नेला. एरवी एवढी वाढ लग्नात कुणाच्या लक्षातही येत नाही. पण इतका वेळ कान बारीक ऐकायला बसले होते, त्यामुळं पुढच्या रांगेतली माणसं अक्षरशः खुर्चीत मागं सरकली. मला जे या संगीतात आवडतं, ते हेच.

पंखे सुरू झाले आणि टाळ्या त्या घरघरीत मिसळल्या. अण्णा नंतर मिक्सरपाशी आले. पोराबद्दल काही बोलले नाहीत, धोट्याचा आवाज उजवीकडून कमी येतो एवढंच म्हणाले. तेही खरं होतं. पोरांनी एकाच मोबाइलवर, एका कोपऱ्यातून रेकॉर्ड केलं होतं.

आता अण्णा जुने माग काढून रेपियर बसवायचं बघतायत. रेपियरला धोटाच नसतो, धागा पट्टीनं ओढला जातो, आवाजही निराळा. माग भंगारात जायच्या आत एका रविवारी, बाकीचा कारखाना बंद ठेवून, एकच माग चालवायचं ठरलंय. दोन माइक धोटा थांबतो त्या दोन टोकांना, एक फणीच्या वर, आणि एक जमिनीलगत, कारण तिसऱ्या ठोक्याला फरशी हादरते ती मला हवी आहे. वायर मी माझ्याच घेऊन जाणार आहे आणि सगळं एकाच बोर्डातून घेणार आहे. अण्णांनी त्या दिवसासाठी पांढऱ्या टॉवेलचा ताणा राखून ठेवलाय. रिकामा माग वेगळा वाजतो म्हणाले.