तुम्ही विचारलंत म्हणून: बी.ए. इकॉनॉमिक्स करून पुढे काय?

"मॅडम, पोरगी इकॉनॉमिक्स घेतो म्हणून राहिली. पुढं काही लागते का जी?" बारावीचा निकाल लागला की काटोल, उमरेड, कामठीहून आलेले पालक मला हे विचारतात. ओळखीतले लोक लग्नात, जेवणाच्या पंगतीतही विचारतात. मी नागपुरात अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे उत्तर देणं माझं कामच आहे. पण उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धं राहतं, म्हणून नीट लिहिते.

आधी कटू भाग. नुसत्या बी.ए.वर अर्थतज्ज्ञ म्हणून कुणी नोकरी देत नाही. तिथेच थांबलात तर बँकेच्या, एमपीएससीच्या, स्टाफ सिलेक्शनच्या परीक्षा आहेत, आणि त्या बी.कॉम., बी.एस्सी. झालेली मुलंही देतात. रिझर्व्ह बँकेचंच घ्या. संविधान चौकातली ती इमारत रोज बघत मुलं कॉलेजला येतात. तिथल्या ग्रेड बी अधिकाऱ्याच्या सर्वसाधारण जागेसाठी कुठल्याही शाखेची पदवी चालते, खुल्या गटाला ६० टक्के लागतात. आर्थिक संशोधन विभागाच्या जागा मात्र वेगळ्या भरतात आणि त्यांना अर्थशास्त्रातली किंवा त्याला जोडून असलेल्या विषयातली पदव्युत्तर पदवी लागते. भारतीय आर्थिक सेवेचं तसंच. १९६१ पासूनची ही सेवा, यूपीएससी परीक्षा घेते, वय २१ ते ३०, आणि पात्रता अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी. म्हणजे विषयाच्या बळावर मिळणारी नोकरी हवी असेल तर मनाची तयारी पाच वर्षांची ठेवा. घरची परिस्थिती तीन वर्षांनंतर कमावायला लावणारी असेल तर तेही आधीच बोलून घ्या, त्यात कमीपणा नाही. स्पर्धा परीक्षांना हा विषय चांगला उपयोगी पडतो.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. गणित सोडू नका.

आपल्याकडे कला शाखेला आलेली बहुतेक मुलं दहावीनंतर गणिताचं पुस्तक उघडत नाहीत. बी.ए.ला अर्थशास्त्राबरोबर इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र घेतात. हे विषय मोठेच आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पुढची प्रवेश परीक्षा त्यांच्यावर होत नाही. आयआयटीच्या 'जॅम'मध्ये, म्हणजे एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत, २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. त्यात डेरिव्हेटिव्ह, मॅट्रिक्स, प्रॉबॅबिलिटी यांना वाट काढून जाताच येत नाही. रिझर्व्ह बँकेने १९८७ मध्ये मुंबईत उभारलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था, पुण्याची १९३० पासूनची गोखले संस्था, दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स, सगळीकडे हीच भाषा चालते. वर्गात मी विचारते, सीमान्त खर्च म्हणजे काय? आणखी एक नग काढायला लागणारा जास्तीचा खर्च, असं उत्तर लगेच येतं. मग फळ्यावर एकूण खर्चाचं समीकरण लिहून सीमान्त खर्च काढायला सांगितला की वर्ग गप्प होतो. ही मुलं हुशार असतात. त्यांना अकरावीतच कुणीतरी सांगितलेलं असतं, की आर्ट्सला गणिताचं काय काम?

सांख्यिकीचा फायदा तर पदवीनंतर लगेच दिसतो. केंद्राच्या सांख्यिकी खात्यातल्या कनिष्ठ सांख्यिकी अधिकाऱ्याच्या पदासाठी पदवी हवी, आणि बारावीला गणितात ६० टक्के तरी हवेत किंवा पदवीला सांख्यिकी हा विषय तरी हवा. एम.ए.ची अट नाही. जिने पहिल्या वर्षी सांख्यिकी घेतली ती या अर्जाला पात्र, आणि तिच्याच बाकावर बसलेली, तेवढेच गुण मिळवणारी मैत्रीण अपात्र! हे मला दरवर्षी लागतं.

खासगीत बँका, विमा, सूक्ष्म कर्ज देणाऱ्या कंपन्या, सर्वेक्षण करणाऱ्या संस्था, एमबीए. तिथे एक्सेल आणि थोडं पायथन किंवा 'आर' (आकडेवारीला लागणाऱ्या संगणकभाषा) येणाऱ्याला आधी बोलावतात.

"आर्ट्सला गेली म्हणजे मार्क कमी पडले असतील," हे मात्र मुलीसमोर बोलू नका. हे दीक्षाभूमीचं शहर आहे. बाबासाहेबांची मुंबई विद्यापीठाची बी.ए. अर्थशास्त्र आणि राज्यशास्त्रातली, आणि १९२३ साली लंडनची डी.एस्सी. त्यांनी रुपयाच्या प्रश्नावरच्या प्रबंधावर मिळवली.

नोकरीच्या पलीकडेही मी मुलांना हा विषय घ्या म्हणते, त्याचं कारण नागपूरच आहे. शिकायला इतकं साहित्य दुसरीकडे सहज मिळत नाही. मुलांना कळमन्याच्या बाजार समितीत पाठवते, संत्र्याची आवक आणि भाव लिहून आणायला. आंबिया बहाराचा (संत्र्याच्या एका हंगामाचा) माल जोरात आला की भाव पडतो, हे कोणीही सांगेल. पण त्याच शेतकऱ्याचा कापूस भाव नाही म्हणून घरात थांबू शकतो आणि संत्रं थांबू शकत नाही. पुरवठ्याची लवचिकता, म्हणजे भाव बदलला की विक्रीला येणारा माल किती कमीजास्त होऊ शकतो ते, इथे डोळ्यांना दिसते. मग एखादी मुलगी सांगते, आमच्या बाबांनी बाग झाडावरच उक्ती, म्हणजे सगळ्या फळांची एकच रक्कम ठरवून, व्यापाऱ्याला देऊन टाकली. का दिली? भाव पडण्याची आणि गारपिटीची जोखीम व्यापाऱ्याकडे गेली, आणि त्या बदल्यात बाबांनी कमी रक्कम पत्करली. तिच्या घरातला निर्णय तिला पहिल्यांदा हिशेबाने कळतो, आणि त्या दिवसानंतर ती वर्गात वेगळी बसते.

तसाच 'अनुशेष', म्हणजे विकासात मागे राहिलेली तूट. विदर्भातल्या प्रत्येक घरात हा शब्द आहे. विदर्भाने मराठी राज्यात यावं म्हणून झालेल्या १९५३ च्या नागपूर करारात लोकसंख्येच्या प्रमाणात खर्चाचं वचन होतं. पुढे १९८३ साली नेमलेल्या दांडेकर समितीने रस्ते, सिंचन अशा एकेका क्षेत्रात कोणता जिल्हा राज्याच्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजलं, आणि २०११ मध्ये नेमलेल्या केळकर समितीने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. मोजमाप सरासरीपासून करायचं की सर्वांत पुढच्या जिल्ह्यापासून? दरडोई की दर हेक्टरी? पाया बदलला की आकडा बदलतो, आणि आकड्यामागे पैसा जातो. आमच्या भागावर अन्याय झाला असं म्हणणारे पुष्कळ आहेत. तो किती आणि कशात, हे कागदावर मांडू शकणारी माणसं आम्हाला याच कॉलेजांतून हवी आहेत.

मराठी माध्यमाची मुलं इंग्रजीला घाबरतात. आर्थिक सेवेची परीक्षा इंग्रजीतच लिहावी लागते, ते टळत नाही. पण सुरुवात मराठीतून करा. राज्याची आर्थिक पाहणी दरवर्षी अर्थसंकल्पाच्या आधी मराठीत येते, जिल्ह्याचं सामाजिक व आर्थिक समालोचनही मराठीत असतं. तक्ते वाचायची सवय लागली की इंग्रजी पुस्तकातले तक्ते परके वाटत नाहीत.

तर, घेऊ द्या मुलीला इकॉनॉमिक्स. फक्त प्रवेश घेताना कॉलेजचं नाव नंतर बघा, आधी विषयांची यादी मागा. मेजरसोबत (मुख्य विषयासोबत) मायनर म्हणजे दुय्यम विषय म्हणून गणित किंवा सांख्यिकी मिळते का, ते खिडकीवर स्पष्ट विचारा. नाही म्हणाले तर पुढच्या कॉलेजात जा. बारावीला गणित नसेल तर जूनपासूनच अकरावीचं पुस्तक काढून बसवा, आणि अडलं तर माझ्याकडे पाठवा.