तुम्ही विचारलंत म्हणून: देशी वस्तीतच का राहता?

‘आपल्याच लोकांत राहायचं होतं तर अमेरिकेत आलात कशाला?’ भारतातून येणारे पाहुणे विचारतात, ऑफिसात विचारतात, परवा भाचीनेही विचारलं. आम्ही न्यूयॉर्कशेजारच्या जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहतो. न्यूअर्क अव्हेन्यूवरची किराणा, मिठाई, साड्यांची दुकानं चालत पाच मिनिटांवर.

आलो तेव्हा ह्यांच्याकडे नोकरीचं पत्र होतं, पण क्रेडिट हिस्ट्री, म्हणजे कर्जं-बिलं वेळेवर फेडल्याची इथली नोंद, नव्हती. भाड्याने घर मागायला गेलो तर दोन इमारतींच्या ऑफिसांतून तेवढ्यावरून परत पाठवलं. शेवटी ह्यांच्या ऑफिसातल्या एकाच्या ओळखीने एका गुजराती काकांनी महिन्याच्या डिपॉझिटवर किल्ली हातात ठेवली. आमच्याबद्दल कोणी शब्द टाकला एवढं त्यांना पुरलं. ती वस्ती आम्ही निवडली असं मला आजही म्हणवत नाही.

माझे आजोबा राजापूरकडून बोटीने भाऊच्या धक्क्याला उतरले आणि तडक लालबागला गावकीच्या खोलीत गेले. एका खोलीत वीस-पंचवीस माणसं. दिवसपाळीवाला उठून गेला की त्याच जागेवर रातपाळीवाल्याची वळकटी पसरायची. स्वतःची म्हणावी अशी एक पत्र्याची ट्रंक. गिरणीत बदली कामगार म्हणून लागायचं तरी मुकादमाकडे गाववाल्यानेच न्यायचं, खानावळीत उधारी चालायची तीही गावाच्या नावावर. आजोबांना कोणी कधी विचारलं नाही की कोकण्यांतच का राहता. इथे मात्र गुजराती, तेलुगू, पंजाबी, आम्ही, सगळे एकच गाव.

आणि हे गाव सुखासुखी वसलेलं नाही. 1987 साली ‘डॉटबस्टर्स’ म्हणवणाऱ्या टोळीने इथल्या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं: भारतीयांना जर्सी सिटीतून हुसकावण्यासाठी वाटेल त्या थराला जाऊ. डॉट म्हणजे आपली टिकली. त्याच सप्टेंबरात शेजारच्या होबोकेनमध्ये तरुणांच्या टोळक्याने नवरोझ मोदीला बेदम मारलं, चार दिवसांनी तो गेला. तो पारशी होता. मारणाऱ्यांना तो भारतीय दिसला, बस. ते दिवस काढलेल्या बायका अजून भेटतात. टिकली पुसून ट्रेनमध्ये चढायचो, म्हणतात. त्या इथेच राहिल्या म्हणून मी आज टिकली लावून त्याच ट्रेनने मॅनहॅटनला जाते. ‘घोळक्याने राहता’ हे ऐकलं की मला त्या बायका आठवतात आणि राग येतो.

पुढे घर विकत घ्यायचं ठरलं तेव्हा मी एजंटबाईंना विचारलं, या गल्लीत आपली माणसं किती? त्या म्हणाल्या, हे मला सांगता येत नाही. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यामुळे. काळ्या कुटुंबांना ठरावीक वस्त्यांकडेच वळवायची इथल्या दलालांची जुनी रीत. ती मोडावी म्हणून वंश पाहून घर सुचवायला बंदी आहे. मला तो कायदा पटतो. ‘शनिवारी सकाळी स्वतः येऊन बघा,’ एवढंच त्या बोलल्या.

शनिवारी गेलो. जुलैचं ऊन होतं. शेजारच्या पायऱ्यांवर गाऊनमधल्या एक आजी कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालत होत्या.

‘तेलुगू?’ त्यांनी विचारलं.

‘मराठी.’

त्यांनी कळशी खाली ठेवली, रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं आणि हळू आवाजात हिंदीत म्हणाल्या, ‘तळघरातला बॉयलर बघून घे. गेल्या थंडीत दोनदा बंद पडला. भाव पाडून माग.’