हानलेच्या दुर्बिणीवर वेळ मिळवताना : माझा अनुभव

अतिनवताऱ्याचा, म्हणजे स्फोट होऊन प्रचंड तेजस्वी झालेल्या ताऱ्याचा, वर्णपट (त्याच्या प्रकाशाची तरंगलांबीनुसार विभागणी) घ्यायचा असेल, तर कोणत्या दुर्बिणीकडे अर्ज करावा हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. पुण्याजवळ गिरवली येथे आयुका या खगोलशास्त्र संस्थेची 2 मीटर व्यासाची दुर्बीण आहे, पण सह्याद्रीच्या पावसाळ्यात तिचा उपयोग होत नाही. तामिळनाडूतील कावलूरची वेणू बाप्पू दुर्बीण 2.34 मीटरची, म्हणजे आकाराने थोडी मोठीच आहे. शिवाय तिथल्याच 1 मीटरच्या दुर्बिणीतून 1977 साली युरेनसच्या कड्यांच्या खुणा टिपल्या गेल्या असल्याने त्या वेधशाळेविषयी मनात आदर होता. परंतु माझे लक्ष्य सप्तर्षींच्या परिसरातील दीर्घिकांमध्ये होते. साडेबारा अंशांच्या आसपास अक्षांश असलेल्या कावलूरहून तो भाग आकाशात फार वर येत नाही, आणि तारा जितका खाली, तितका त्याचा प्रकाश वातावरणाच्या जाड थरातून गाळून येतो. लडाखमधील हानले जवळजवळ 33 अंशांवर आहे, आणि तिथली वेधशाळा समुद्रसपाटीपासून 4500 मीटर उंचीवर, दिग्पा-रत्सा री या डोंगरावर उभी आहे. हवा विरळ आणि कोरडी, रात्री काळोख्या. भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या तिथल्या 2 मीटरच्या हिमालयन चंद्र दुर्बिणीसाठीच अर्ज करायचा, असे माझ्या मार्गदर्शकांनी आणि मी ठरवले.

या दुर्बिणीचा वेळ वर्षातून तीन सत्रांत वाटला जातो आणि त्यासाठी प्रपोजल लिहावे लागते. संपूर्ण प्रक्रियेत माझा सर्वाधिक वेळ या काही पानांनी घेतला, आणि तो घ्यायलाच हवा होता असे मला आजही वाटते. वैज्ञानिक प्रश्न काय, तो याच दुर्बिणीने का सुटेल, कोणते उपकरण हवे, चंद्रप्रकाश किती चालेल, दर लक्ष्याला किती मिनिटे लागतील, हे सारे हिशेबासह मांडावे लागते. अतिनवताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते, ती म्हणजे अर्ज करताना तारा फुटलेलाच नसतो. त्यामुळे लक्ष्याचे नाव देता येत नाही. अमुक अंतरापर्यंतच्या दीर्घिकेत, अमुक प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे ताऱ्याच्या तेजाचे माप) तेजस्वी असा अतिनवतारा दिसल्यास इतका वेळ हवा, अशा अटी लिहून द्याव्या लागतात. त्या अटी सैल असतील तर प्रपोजल मोघम वाटते, आणि फार घट्ट असतील तर संपूर्ण सत्रात एकही तारा त्यात बसत नाही.

दोन मीटरची दुर्बीण आजच्या जगात लहान, असे म्हणणारे भेटतात. त्यांचे म्हणणे मला पटत नाही, आणि प्रपोजलच्या समर्थनाचा मोठा भाग मी याच मुद्द्यावर लिहिला. हानलेचे रेखांश सुमारे 79 अंश पूर्व आहे. पश्चिमेला कॅनरी बेटांवरील आणि पूर्वेला ऑस्ट्रेलियातील मोठ्या वेधशाळा यांच्यामध्ये रेखांशांचा जो प्रचंड पट्टा आहे, तो या दुर्बिणीमुळे रिकामा राहत नाही. 19 मे 2023 रोजी जपानमधील हौशी निरीक्षक कोइची इतागाकी यांना एम 101 या दीर्घिकेत एसएन 2023आयएक्सएफ हा अतिनवतारा दिसला, तेव्हा या गोष्टीचे मोल कळले. फुटण्यापूर्वी ताऱ्याने स्वतःभोवती टाकलेल्या वायूच्या अरुंद रेषा त्याच्या वर्णपटात सुरुवातीचे काही दिवसच दिसल्या आणि आठवडाभरात मावळल्या. अशा वेळी पृथ्वीच्या प्रत्येक बाजूला कुणीतरी जागे असावे लागते. त्या ताऱ्याचे वेध हानलेच्या या दुर्बिणीने घेतले, तसेच आयआयटी मुंबई आणि भारतीय खगोलभौतिकी संस्था यांच्या तिथल्याच 0.7 मीटरच्या ग्रोथ-इंडिया दुर्बिणीनेही घेतले. ट्रॅपिस्ट-1 या लहानशा ताऱ्याभोवतीच्या ग्रहांचा जो शोध 2016 साली जाहीर झाला, त्यातही हिमालयन चंद्र दुर्बिणीची निरीक्षणे होती.

वेळ मंजूर झाल्याचे कळले, आणि पुढे अटींत बसणारा अतिनवतारा सापडल्यावर मी निघालो ते लडाखकडे नव्हे, तर बेंगळुरूजवळच्या होसकोटेला. दुर्बीण तिथल्या नियंत्रण कक्षातून उपग्रहाच्या दुव्याद्वारे चालवली जाते. डोंगरावर कर्मचारी असतातच. त्यांच्याशिवाय घुमटही उघडणार नाही. निरीक्षकाला मात्र विरळ हवेत बसावे लागत नाही, आणि रात्रभर नीट विचार करता येण्यासाठी ही सोय फार मोलाची आहे.

संध्याकाळी कामाला सुरुवात झाली ती ताऱ्याविनाच. सीसीडीचा, म्हणजे कॅमेऱ्यातील प्रकाशग्राहक चकतीचा, स्वतःचा पाया कळावा म्हणून प्रकाशाविना घेतलेली बायस चित्रे, संवेदनशीलतेतील फरक काढता यावेत म्हणून दिव्याच्या सारख्या प्रकाशातली फ्लॅट चित्रे. पूर्ण अंधार पडल्यावर फोकस जुळवला. त्यानंतर फीगे 34 हा प्रमाणतारा घेतला, कारण ज्याचे तेज आधीच अचूक मोजलेले आहे अशा ताऱ्याशी ताडून पाहिल्याशिवाय आपल्या वर्णपटाची उंची निरर्थक असते.

खरी कसोटी लक्ष्य फटीवर, म्हणजे वर्णपटमापीत प्रकाश ज्या चिरेतून शिरतो तिच्यावर, बसवण्याची. ही फट दोन कोनीय सेकंदांहूनही किंचित अरुंद होती, म्हणजे एका अंशाच्या अठराशेव्या भागाहून कमी. आधी त्या भागाचे छायाचित्र घ्यायचे, शोधनकाशाशी ताडून तारा ओळखायचा, फटीची जागा चित्रावर पाहायची आणि दुर्बीण तेवढीच सरकवायची. माझा अतिनवतारा दीर्घिकेच्या एका बाहूवर, वायूच्या तेजस्वी गाठीला लागून होता. पुण्याहून फोनवर असलेल्या मार्गदर्शकांनी विचारले, “गाठीचा प्रकाश फटीत येतोय का?” मी म्हटले, “सर, थोडा येतोय.” “मग फट फिरवता येते का ते ऑपरेटरना विचार, आणि येत नसेल तर दोन्ही बाजूंची पार्श्वभूमी नीट मोजता येईल अशी जागा धर. घाई करू नकोस.” फट त्या रात्री फिरवणे सोयीचे नव्हते, म्हणून आम्ही दुसरा मार्ग धरला. त्यात बराच वेळ गेला, पण पुढे डेटा उकलताना तो वसूल झाला.

लांब एक्सपोजर एका दमात न घेता तुकड्यांत घेतले, कारण इतक्या उंचीवर विश्वकिरणांचे (अवकाशातून येणाऱ्या वेगवान कणांचे) ठिपके सीसीडीवर अधिक पडतात आणि दोन-तीन चित्रे असली की ते ओळखून काढता येतात. पहिले चित्र पडद्यावर आले तेव्हा त्यात रात्रीच्या आकाशातील ऑक्सिजनची 5577 अँगस्ट्रॉमची (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) रेषा वर्णपटाच्या आडव्या पट्ट्याला ठसठशीत छेदत होती, आणि पट्ट्याच्या लाल भागात हायड्रोजनचा रुंद उंचवटा कच्च्या चित्रातही ओळखू येत होता. हा ‘टाइप 2’, म्हणजे वर्णपटात हायड्रोजन दिसणारा अतिनवतारा, एवढे तेव्हाच नक्की झाले. ताऱ्यानंतर लगेच, दुर्बीण त्याच दिशेला असताना, ज्याच्या रेषांच्या तरंगलांब्या आधीच माहीत असतात अशा आर्क दिव्याचा वर्णपट घेतला. तरंगलांबीची मोजपट्टी त्यावरूनच बनते. उत्तररात्री ढग आले आणि घुमट बंद करावा लागला. पर्यायी यादीतील तेजस्वी ताऱ्यांचे वेध राहून गेले, परंतु मुख्य काम हाती आले होते.

पुढचे आठवडे आयआरएएफ या खगोलीय डेटा उकलण्याच्या संगणक-प्रणालीत गेले. पार्श्वभूमी वजा करणे, विश्वकिरण काढणे, तरंगलांबी बसवणे, प्रमाणताऱ्याने तेज जुळवणे ही कामे कंटाळवाणी म्हणून कुणी सांगितली तर ऐकू नये. वर्णपटावर विश्वास ठेवायचा की नाही हे इथेच ठरते. हायड्रोजनची एरवी 6563 अँगस्ट्रॉमवर असणारी रेषा आपल्याकडे झेपावणाऱ्या वायूमुळे निळ्या बाजूला सरकून खळगा बनवते. तो खळगा सुमारे 175 अँगस्ट्रॉम सरकला असेल, तर वायूचा वेग सेकंदाला 8000 किलोमीटर होतो. माझ्या ताऱ्याचा वेग याच्या आसपास निघाला, आणि दोन्ही बाजूंची पार्श्वभूमी वेगवेगळी घेऊन पुन्हा मोजल्यावरही तो टिकला.

आता त्याच ताऱ्यासाठी पुढच्या सत्राचे प्रपोजल लिहितो आहे. काही महिन्यांनी बाहेरचे थर विरळ झाले की आतल्या भागातील ऑक्सिजन आणि कॅल्शियमच्या रेषा दिसू लागतात, आणि मूळ ताऱ्याच्या वस्तुमानाचा अंदाज त्यांवरूनच बांधता येतो. तोवर तारा बराच मंद झालेला असेल, म्हणून या वेळी चंद्र नसलेल्या रात्रीच मागितल्या आहेत.